निमोण्याच्या माळावरची पारध

काळविटाच्या कळपाला दोन पायांवर चालणारे काहीही दिसले की तो उधळतो. चरत येणारा बैल दिसला तर मात्र एकदा मान वर करून बघतो आणि पुन्हा गवतात तोंड घालतो. पुण्याच्या पूर्वेला, नगर-सोलापूरच्या माळांवर पिढ्यान्‌पिढ्या जी पारध झाली, ती एवढ्या एका निरीक्षणावर उभी होती. फासेपारधी आपल्या शिकवलेल्या बैलाच्या आड वाकायचा, बैलाच्या पायांशी आपले पाय जुळवायचा आणि कळपाकडे सरकायचा. सरळ जायचे नाही. तिरके, रमतगमत, चरणाऱ्या गुरासारखे. वेसणीला बारीक हिसका बसला की बैलाने थांबायचे, मान खाली घालायची. दोरी सैल सुटली की चार पावले पुढे. औताचा बैल तयार करायला एक हंगाम पुरतो. पारधीचा बैल तयार करायला त्याहून कितीतरी जास्त चिकाटी लागत असणार, कारण त्याला काम शिकवायचे नसून काम करत नसल्यासारखे दिसायला शिकवायचे होते.

बैलाच्या पाठीवर फासांचे भेंडोळे. जनावराच्या स्नायूची तात किंवा कमावलेल्या चामड्याची वादी, तिला सरकगाठ, आणि जमिनीत ठोकायला लाकडी खुंट्या. हरणांच्या जाण्यायेण्याची वाट हेरून एका ओळीत असे फास मांडायचे, उघडे, गवताच्या उंचीत लपतील असे. मग दुसऱ्या अंगाने कळपाला हलवायचे. पळवायचे नाही, नुसते हलवायचे. पळालेले काळवीट उड्या मारत फासावरून जाते. चालणारे काळवीट पाय टाकत जाते, आणि फास पायासाठीच असतो. एकाचा खूर अडकला, तो तडफडला, की लपलेली माणसे धावत यायची.

हे एकट्याचे काम नव्हतेच. बैल एकाकडे, फास दोघांकडे, कळपाच्या पलीकडून सावकाश येणारी बायकापोरे आणि कुत्री. पारधी कुटुंब रानात जायचे ते सहलीला नव्हे आणि मोहिमेवरही नव्हे, संसारासकट जायचे. पाल, गोधड्या, कोंबड्या, भांडी, सगळे त्याच बैलावर. पाल पडेल तिथे घर आणि पालापासून दिसेल तेवढे स्वयंपाकघराचे कोठार. काळवीट काही रोज मिळत नसे. रोजच्या जेवणात तितर, लावे, ससा, घोरपड. पोरांचे शिक्षण तिथूनच सुरू व्हायचे: घोड्याच्या शेपटीच्या केसांचे इवलेसे फास करून लावे धरायचे, तोंडाने तितराचा आवाज काढायचा, पिंजऱ्यातल्या पाळीव तितराला ओरडायला लावून रानातल्याला भांडायला बोलवायचे. जिवंत तितर बाजारात विकले जायचे, त्यावर ज्वारी यायची. लाव्याच्या फासापासून हरणाच्या फासापर्यंतचा अभ्यासक्रम घरातच पुरा व्हायचा.

निमोणे हे या पारधीच्या मुलखातले गाव. शिरूर तालुक्यात, वर घोडनदी आणि खाली भीमा यांच्या बेचक्यात. भीमा ओलांडली की दौंड. सह्याद्रीने पाऊस अडवून ठेवल्यावर जे उरते ते या पट्ट्याला मिळते, वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास. त्या पावसावर दाट जंगल उभे राहत नाही. गवत उभे राहते, मधूनमधून बाभळी, बोरी, हिवर. महसुली दप्तराने अशा जमिनीला पडीक म्हटले. काळवीट, चिंकारा, लांडगा, खोकड, माळढोक, तणमोर यांचे घर म्हणजे नेमकी हीच पडीक जमीन, पण दप्तरात हरणांसाठी रकाना नव्हता.

या पारधीचा सर्वांत जुना पुरावा निमोण्यापासून फार लांब नाही. घोडनदीच्याच काठी, याच तालुक्यात इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी १९६८ ते १९८३ या काळात तिथली पांढर उकरली. इसवी सनपूर्व १६०० च्या सुमाराला वसलेले आणि ७०० च्या सुमाराला उठलेले हे ताम्रपाषाणयुगीन गाव. शेकडो वर्षे तिथे लोक बार्ली पिकवत होते, गुरे पाळत होते, नदीचे पाणी पाटाने वळवत होते. चौकोनी, ऐसपैस घरे होती. पाच खोल्यांचे एक घर तर गावच्या प्रमुखाचे असावे असे उत्खनन करणाऱ्यांचे मत. आणि या सगळ्या सुबत्तेतही उकिरड्यात गुरामेंढरांच्या हाडांबरोबर काळविटाची आणि हरणांची हाडे होती. म्हणजे शेती आली म्हणून पारध गेली, असे झाले नाही. दोन्ही एकाच चुलीवर शिजत होत्या.

मग इसवी सनपूर्व १००० नंतर हवामान कोरडे होत गेले. इनामगावच्या शेवटच्या थरांत, ज्याला अभ्यासक उत्तर जोर्वे काळ म्हणतात, चौकोनी घरे नाहीशी होतात आणि लहान लहान गोल झोपड्या दिसू लागतात. धान्य रोडावते, शेळ्यामेंढ्या वाढतात, रानातल्या जनावरांच्या हाडांचा वाटा वाढतो. पावसाने दगा दिला की कुणब्याने काय करायचे याचे उत्तर तिथल्या मातीत लिहिलेले आहे: मेंढरे घे आणि रानात जा. ढवळीकरांनी या गोल झोपड्यांचा अर्थ लावताना तुलना केली ती फासेपारध्यांच्या झोपड्यांशी. याचा अर्थ आजचे पारधी इनामगावकरांचे वंशज, असा मुळीच नाही. पारध्यांची बोली गुजराती-राजस्थानी वळणाची आहे, आणि आपण तिकडून आलो असे तेच सांगतात. पण एकाच माळाने, तीन हजार वर्षांच्या अंतराने, दोन वेगळ्या लोकांना एकाच आकाराच्या घरात आणि एकाच धंद्यात बसवले, ही गोष्ट मला वंशावळीहून मोठी वाटते.

इथपर्यंत ही भुकेची पारध. हौसेची पारध पोथीतून सापडते, आणि तीही दख्खनचीच. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला. राजाने काय खावे, काय नेसावे, कोणता हत्ती कसा ओळखावा इथपासून करमणुकीच्या प्रकारांपर्यंत सगळे त्यात आहे, आणि करमणुकीत मृगयेला मोठी जागा आहे. पाळीव हरीण पुढे करून रानातल्याला फसवण्याची युक्ती तिथे आहे. शिकवलेल्या चित्त्याने हरीण धरण्याची भारतातली सर्वांत जुनी लेखी नोंद याच ग्रंथातली मानली जाते. म्हणजे चित्त्याकरवी शिकार मोगलांनी आणली ही आपली समजूत काही खरी नाही. मोगलांनी ती फक्त भव्य केली. अकबराकडे एका वेळी हजार चित्ते असल्याचे जहांगीर लिहितो.

आता या हौसेच्या शिकारीच्या मुळाशी काय होते ते बघा. चित्ता पिंजऱ्यात सहसा वीत नाही. लहान बछडा आणून वाढवला तर त्याला नीट शिकार येत नाही. ती त्याला आईनेच शिकवावी लागते. म्हणून शिकारीसाठी मोठा, रानात शिकून तयार झालेला चित्ताच धरावा लागे. तो धरायचा कुणी? पारध्याने. चित्त्यांची ठरलेली झाडे असतात. त्यांच्या खोडांवर ते नखे घासतात, तिथे आपली खूण ठेवतात, पुन्हा पुन्हा येतात. अशा झाडाभोवती तातीचे फास मांडून पारधी चित्ता जिवंत धरायचे. हरणासाठी जो फास, तोच थोडा जाड करून. मग डोळ्यांवर टोपी, कमरेला आणि गळ्याला दोर, आणि माणसांच्या गर्दीत, बाजाराच्या गलबल्यात महिनोन्‌महिने सवय. शिकारीच्या दिवशी चित्त्याला बैलगाडीत बसवून कळपाजवळ न्यायचे. गाडीच का, तर पुन्हा तेच: काळवीट माणसाला भिते, बैलाला भीत नाही. फासेपारध्याने पोटासाठी लावलेला शोध राजाच्या गाडीला जुंपला गेला होता. टोपी काढली की चित्ता गाडीतून उतरायचा आणि काही क्षणांत निकाल लागायचा. काळवीट त्याच्या तोंडून सोडवायला लाकडी डावात रक्त किंवा एखादी तंगडी पुढे करायची. मेजवानी राजवाड्यात, डावभर रक्त चित्त्याला, आणि ज्याने चित्ता धरला त्याला बिदागी.

मराठेशाहीत राज्यकारभाराच्या अठरा कारखान्यांत शिकारखान्याचे नाव येते. तोफखाना, पीलखान्याच्या पंगतीत. सवाई माधवरावाच्या काळी पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी शिकारखाना होता आणि परदेशी वकील तो पाहायला जात. साताऱ्याचे थोरले शाहू महाराज तर शिकारीचे इतके शौकीन की त्यांच्या खंड्या कुत्र्याने वाघापासून त्यांना वाचवल्याची गोष्ट अजून सांगतात, आणि संगम माहुलीला त्या कुत्र्याची समाधी आहे. कुत्र्याची समाधी बांधणारा राजा दिलदार खराच. हाकाऱ्यांतली किती माणसे वाघाखाली, डुकराखाली सापडली त्यांची समाधी मात्र कुठे ऐकिवात नाही. आणि शिकारीचे देवाशीही वाकडे नव्हते. जेजुरीचा खंडोबा घोड्यावरचा, बरोबर कुत्रा असलेला देव. त्याच्या गोष्टींत तो शिकारीच्या निमित्ताने किती वेळा घराबाहेर पडतो हे त्याच्या बायकांना, बानूला आणि म्हाळसेला विचारावे.

इंग्रज आले आणि शिरूर हे लष्करी ठाणे झाले. गावाला घोडनदी हे दुसरे नाव आहेच. तिथल्या छावणीतून कॅप्टन स्टाँटन ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री निघाला आणि दुसऱ्या दिवशी भीमेकाठच्या कोरेगावला त्याची गाठ पेशव्याच्या फौजेशी पडली. ‘पूना हॉर्स’ या घोडदळाची सुरुवातही १८१७ ची, आणि तिचे शिरूरशी जवळचे नाते.  

घोडदळ, सपाट माळ आणि लढाई संपल्यावर हाताशी उरलेला वेळ, या तिन्हींतून जी करमणूक निघाली ती रानडुकराच्या शिकारीची. घोडा फेकत भाल्याने डुक्कर टोचायचे. १८२८ पासून मुंबईहून ‘ओरिएंटल स्पोर्टिंग मॅगझिन’ निघत होते आणि त्यात दख्खनच्या या शिकारींची रसभरीत वर्णने येत. मुंबई इलाख्यातला भाला लांब, खालून धरायचा. बंगालमधला आखूड, वरून खुपसायचा. आणि कोणता खरा, यावर साहेब लोक हिरिरीने वाद घालत. ज्याच्या भाल्याला पहिले रक्त लागेल त्याचे सुळे. डुक्कर कुठल्या ओढ्यात बसले आहे याची खबर आणणाऱ्याला, उसातून आणि घाणेरीतून हाका घालणाऱ्याला चार आणे, आठ आणे. साहेबाची शिकारही कुटुंबाची असे, विशेषतः नाताळच्या सुट्टीत: मडमा, तंबू, खानसामा, कापडी खुर्च्या. पण तंबूपासून डुकरापर्यंतची वाट दाखवायला लागायचा तो गावातलाच कुणी शिकारी, पारधी, भिल्ल नाहीतर रामोशी.

आणि याच साहेबाने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. आधी उत्तरेकडे, पुढे १९११ च्या सुधारणेनंतर मुंबई इलाख्यातही तो जोरात राबवला गेला. ज्यांच्या जमातीचे नाव यादीत, ती माणसे जन्मतः संशयित. पोलीस पाटलाकडे हजेरी, गाव सोडायला परवाना, आणि पुढची पायरी म्हणजे तारेच्या कुंपणातली वसाहत. सोलापुरात ती वसाहत ‘सेटलमेंट’ या नावाने आजही ओळखली जाते. ज्या माणसाचा धंदाच रोज पाल हलवण्याचा, त्याला गाव सोडायला परवाना लागणे म्हणजे धंदाच बेकायदा ठरणे. कायद्याने शिकारीला हात लावला नव्हता. शिकाऱ्याच्या चालण्याला हात लावला होता. पारधी गुन्हेगार होता म्हणून यादीत गेला, की यादीत गेल्यावर त्याला गुन्ह्याशिवाय वाट उरली नाही, हा वाद अजून चालतो. माझे मत विचाराल तर माळ आणि चालणे ही दोन्ही काढून घेतल्यावर तिसरे काही उरतच नव्हते.

एका राजाने याच्या उलट केले. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज स्वतः कसलेले शिकारी; चित्त्याकरवी केलेल्या शिकारीचे शौकीन. फासेपारध्यांची किंमत त्यांना जाहीरनाम्यातून नव्हे, रानातून कळलेली. त्यांनी संस्थानात हजेरीची पद्धत बंद केली, कोल्हापूरजवळच्या सोनतळीच्या मुक्कामात पारध्यांना जवळ केले, नोकऱ्या दिल्या, पहाऱ्यावर नेमले. ज्यांना इतरांनी चोर ठरवले त्यांच्या भरवशावर राजा झोपत होता. कोल्हापूरचे चित्तेवान पुढेही बराच काळ नावाजलेले राहिले. फक्त चित्ते संपत आले. विसाव्या शतकात इथल्या रानात ते मिळेनासे झाले तेव्हा कोल्हापूर, भावनगर अशा संस्थानांनी थेट आफ्रिकेतून चित्ते मागवले. १९४७ मध्ये आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानच्या राजाने एका रात्री तीन चित्ते मारले; देशातले शेवटचे म्हणून तेच मोजले जातात. १९५२ मध्ये चित्ता नामशेष झाल्याचे सरकारने मान्य केले. १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत आले, पण ते शिकारीसाठी नव्हे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत पारधी, फासेपारधी, टाकणकार यांच्या ओळीत ‘चित्ता पारधी’ अजून छापलेले आहे. जनावर गेले, ते धरणाऱ्याचा जातीचा दाखला राहिला.

१९५२ हे साल पारध्यांच्याही हिशेबात आहे. मुंबई राज्याने १९४९ मध्येच आणि देशाने ३१ ऑगस्ट १९५२ ला गुन्हेगार जमाती कायदा उठवला. माणसे ‘विमुक्त’ झाली. पण त्याच सुमाराला, १९५१ मध्ये, मुंबई राज्याने वन्य पशुपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा केला होता, आणि १९७२ मध्ये देशभराचा वन्यजीव संरक्षण कायदा आला. काळवीट पहिल्या अनुसूचीत. आज मारले तर तीन ते सात वर्षे कैद. सालाकडे लक्ष द्या. १९७२ म्हणजे महाराष्ट्रातला मोठा दुष्काळ. शिरूर, दौंड, श्रीगोंदा, कर्जत या पट्ट्यात विहिरी कोरड्या, गुरे बेभाव, माणसे खडी फोडायला. इनामगावच्या शेवटच्या लोकांनी अशा वेळी रानाची वाट धरली होती. १९७२ मध्ये ती वाट धरणारा थेट तुरुंगात गेला असता.

कायदा चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. त्या काळापर्यंत जीप, सर्चलाइट आणि बंदूक माळावर पोचली होती. रात्री दिव्याच्या झोतात गोठलेल्या कळपावर गोळ्या घालणाऱ्यांनी जे संपवले त्याच्याशी फासाची तुलनाच होत नाही. फासात एक सापडते, बाकीचे पळतात. काळवीट वाचले ते कायद्यानेच. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात रेहेकुरीला १९८० मध्ये काळविटांसाठी अभयारण्य झाले, जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचे. बारामती तालुक्यात सुप्याजवळ चिंकाऱ्यांसाठी मयूरेश्वर अभयारण्य १९९७ चे, सव्वापाच चौरस किलोमीटर. आज त्या भागात शेतकरी काळविटांनी हरभरा खाल्ल्याची तक्रार करतात, म्हणजे जनावर परतले आहे. माझा आक्षेप एवढाच की जीपवाला आणि फासवाला कायद्याने एका कलमात बसवले आणि पकडायला सोपा तो फासवाला होता. १९९८ मध्ये जोधपूरजवळ काळवीट मारल्याच्या खटल्यात एका नटाला शिक्षा व्हायला २०१८ उजाडावे लागले, आणि तीही जामिनावर थांबली. माळावर फासासकट सापडलेल्या पारध्याचा जामीन द्यायला कोण उभा राहणार?

हीच शिकार दुसरीकडे वेगळी दिसते. अमेरिकेत गेलेल्या मराठी पोरांच्या फोटोंत अलीकडे अधूनमधून दिसते: कार्यालयातला सहकारी सप्टेंबर-ऑक्टोबरात आठवड्याची रजा टाकतो आणि बाप, भाऊ, पोरगी यांच्यासह कोलोरॅडोच्या डोंगरात एल्कच्या शिकारीला जातो. आपल्या सांबराहूनही मोठे भरणारे ते हरीण. तिथे परवान्याची सोडत असते. नर की मादी, कोणत्या विभागात, कोणत्या तारखांना, हे परवान्यावर लिहिलेले असते. पोरांनाही आधी अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. मांस रानात टाकून येणे हाच तिथे गुन्हा. १९०० च्या सुमाराला हे एल्क लाखाच्या आत उरले होते. आज दहा लाखांच्या आसपास आहेत, आणि त्यात परवान्यांच्या पैशाचा आणि १९३७ पासून या कामासाठी राखून ठेवलेल्या बंदूक-काडतुसांवरच्या कराचा वाटा मोठा आहे. हे इथे चालेल असे मुळीच नाही. आपल्याकडे एवढे रान नाही, माणसे मात्र बक्कळ. पण बाप-लेक मिळून हरणामागे जाणे ही एका देशात प्रतिष्ठित कौटुंबिक परंपरा आणि दुसऱ्या देशात जातीचा कलंक, हा फरक हरणाने ठरवलेला नाही.

निमोण्याकडे परत येऊ. पारध संपवली ती शेवटी कायद्यानेही नव्हे, पाण्याने. शेजारी चिंचणीला घोड धरण झाले, कालवे निघाले. पुढे कुकडीचे पाणी आले, विहिरी खोल गेल्या, न्हावऱ्याला घोडगंगा साखर कारखाना उभा राहिला. ज्या माळावर कुसळी गवत होते तिथे ऊस आला. हे शेतकऱ्याच्या दृष्टीने भाग्यच. तीन पिढ्यांच्या उपाशी कुणब्याला उसाने छप्पर दिले, पोरांना कॉलेज दिले. काळविटाला मात्र उघडे रान लागते. शत्रू लांबून दिसला पाहिजे आणि पळायला मोकळी वाट पाहिजे. दहा फूट उंच उसात ते जगू शकत नाही. गवत गेले, काळवीट सरकले.

उसात जगू शकतो तो बिबट्या. त्याला आडोसा हवा, तो बारा महिने मिळाला. पाणी हवे, ते पाटात. भक्ष्य हवे, ते वस्तीवरची कुत्री आणि शेळ्या. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांत आज उसातच जन्मलेले, उसातच वाढलेले बिबटे आहेत. डोंगर त्यांनी पाहिलेलाही नाही. पकडलेल्यांसाठी जुन्नरजवळ माणिकडोहला निवारा केंद्र आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्याच्या पिंपरखेड भागात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले, त्यांत दोन लहान मुले. लोक महामार्गावर उतरले, वनखात्याची गाडी जाळली गेली, आणि सरकारने नेमबाज बोलावून बिबट्या मारला. १९७२ च्या कायद्यातच तशी तरतूद आहे. म्हणजे ज्या तालुक्यात शिकार हा गुन्हा होऊन पन्नास वर्षे झाली तिथे सरकारी हुकमाने शिकारी पुन्हा आला: थर्मल ड्रोन, कॅमेरा ट्रॅप, भूल देणारी बंदूक आणि खरी बंदूक घेऊन.

फक्त या वेळी पुढे चालणारा माग काढणारा नव्हता. सोमेश्वराच्या राजपुरुषांपासून शिरूरच्या साहेबांपर्यंत ज्या ज्या कुणी या मुलखात मोठी शिकार केली, त्यांच्या पुढे एक अनवाणी माणूस होता; ओल्या पाटाच्या कडेला उमटलेल्या पंजावरून नर की मादी, थांबून गेली की पळत गेली, बरोबर पिल्लू आहे की नाही, हे सांगणारा. वाशिम जिल्ह्यात कारंज्याच्या बाजूला ‘संवेदना’ ही संस्था फासेपारध्यांना बरोबर घेऊन गवताळ रानाचे आणि तणमोराचे काम करते आहे. मध्य प्रदेशात पन्नाच्या जंगलात पारधी तरुण पर्यटकांना रान दाखवतात आणि त्याचे पैसे मिळवतात. तेव्हा पारध्यांची ही विद्या कामाला लावणे नवे नाही, अवघडही नाही.

शिरूर आणि दौंड तालुक्यांत पारधी वस्त्या आहेत. त्यांतल्या म्हाताऱ्यांना अजून माग कळतो. नातवंडांना तो कळेल याची खात्री नाही, कारण आता तो शिकवायचा कशासाठी? बिबट्यासाठी जी बचाव पथके उभी राहत आहेत, ड्रोन आणि पिंजऱ्यांवर जो खर्च होतो आहे, त्यात प्रत्येक पथकामागे दोन पारधी माग्यांच्या जागा ठेवाव्यात. रोजंदारीवर नको, पगारावर, गणवेशासह, ओळखपत्रासह. पुणे जिल्ह्यातल्या ज्या आमदारांनी, जिल्हा परिषद सदस्यांनी पिंपरखेडनंतर निवेदने दिली त्यांनी पुढच्या निवेदनात हे एक कलम घालावे. आणि निमोण्याच्या, न्हावऱ्याच्या, चिंचणीच्या ग्रामसभांनी तसा ठराव करून तो जुन्नर वनविभागाकडे पाठवावा.